एक लाख त्रेचाळीस हजारांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि सध्या कोल्हापुरातल्या एका तालमीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचे झाकण म्हणून पालथा पडलो आहे. माझ्या पाठीवर कबुतरे बसतात. सकाळी पैलवान आपले ओले लंगोट माझ्यावर वाळत टाकतात. ज्याच्या छातीवर कधी काळी सुंदर अक्षरे उमटली, त्याच्या पाठीवर आता लंगोट वाळतात, पण त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. ती तुम्हाला सांगावी म्हणून हे बोलणे.

माझा जन्म याच तालमीच्या दारात झाला. गुळाच्या एका जुन्या अडतीतल्या फळ्या निघाल्या होत्या, त्या जोतीराम सुतारांनी जोडल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि मला काळाभोर रंग दिला. पहिले कित्येक महिने मला गुळाचा वास येत असे आणि मुंग्या माझ्या कडेने रांगा लावत. तालमीचे वस्ताद आकाराम यांनी मला मुद्दाम करून घेतले होते. कुस्त्यांच्या मैदानाआधी पैलवानांच्या जोड्या लिहायला त्यांना फळा हवा होता.

वस्तादांची लिहिण्याची एक पद्धत होती. त्याच अडतीतला काटा ते मागून आणत आणि आलेल्या प्रत्येक पैलवानाला त्यावर उभे करत. मग माझ्यावर वजनाप्रमाणे ओळी आखत आणि ज्या त्या ओळीत नावे लिहीत. मैदानाला एकूण पैलवान किती आले, हे त्यांनी माझ्यावर कधीही लिहिले नाही. कुणी विचारले तर म्हणत, ते तिकीटवाल्याला विचारा.

एकदा जोतिबाच्या डोंगरावरून एक पोरगेला पैलवान आला होता. तालमीच्या अंगणात पाचशे पैलवान बघून तो पिशवी उचलून परत निघाला. वस्तादांनी त्याचे मनगट धरले, त्याला माझ्यापुढे आणले आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"तुझ्या वजनात चौघं हाईत," ते म्हणाले. "बाकीच्यांशी तुझं काय भांडाण हाय?"

पोराने चार नावे वाचली, पिशवी खाली ठेवली आणि तो लढला. जिंकला की हरला हे आता आठवत नाही. तो लढला एवढे आठवते. त्या वेळी मला वाटायचे, फळा होणे म्हणजे माणसाला त्याची ओळ दाखवणे.

पुढे दिवस बदलले. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीत, उतरणारी पोरे शंभरावरून विसावर आणि विसावरून आठ-दहावर आली. तालमीवर एक मजला चढला आणि मंडळाचे अध्यक्ष बाळासो यांनी तिथे अभ्यासिका सुरू केली. मला खालून उचलून वर नेले, नवा रंग दिला आणि समोरच्या भिंतीवर खिडकीशेजारी टांगले. अभ्यासिकेला मुलीही येणार होत्या, आणि तालमीत बाईमाणसाने पाऊल ठेवायचे नाही ही आमच्याकडची जुनी रीत. म्हणून वर यायला बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना केला. वस्ताद खालीच राहिले, हौद्याच्या कडेला, आपल्या बाकड्यावर. त्यांचे गुडघे गेले होते. त्यांना जिना चढवत नव्हता आणि मुलींना आत जाता येत नव्हते. मधे एक स्लॅब होता, पण वरची माणसे आणि खालची माणसे एकमेकांना ओळखत नव्हती.

बाळासो वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो. तरुणपणी त्यांनी फौजदार होण्यासाठी तीनदा परीक्षा दिली होती आणि तिन्ही वेळा नापास झाले होते. आपल्याला वेळेवर कुणी भीती घातली नाही म्हणून आपण ढिले राहिलो, असे त्यांचे ठाम मत होते. "भ्या वाटल्याबिगर पोरगं पुस्तक उघडत न्हाई," असे ते येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगत. म्हणून त्यांनी 'आजचा आकडा' ही प्रथा सुरू केली. सकाळी जो पहिला येईल त्याने माझ्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत एक आकडा लिहायचा. पोलीस भरतीला किती अर्ज आले, तलाठ्याच्या परीक्षेला किती, अमुक मोठ्या विद्यापीठाला किती. फक्त अर्ज. दुसरे काही नाही.

आकडे मोठे असायचे. पोरे आत येताना हसत-खिदळत येत आणि माझ्याकडे बघून गप्प होत. पालक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. एका वर्तमानपत्रात माझे चित्र छापून आले. खरे सांगतो मित्रांनो, मला गर्व झाला. एवढे लोक आपल्याकडे बघून गप्प होतात म्हणजे आपण काहीतरी मोठे झालो, असे मला वाटले. वस्तादांच्या ओळी मी साफ विसरलो.

त्याच काळात प्रीती येऊ लागली. विहाराच्या गल्लीतली मुलगी, धोंडीराम एसटी ड्रायव्हरची थोरली. धोंडीराम वर्षानुवर्षे गगनबावड्याची गाडी चालवत होते. लहानपणी सुट्टीत प्रीती त्यांच्याबरोबर जायची आणि घाटमाथ्यावर चार-चार दिवस न थांबणारा पाऊस बघायची. कोल्हापुरात ऊन आणि दीड-दोन तासांवर असा पाऊस, हे कसे, असे तिने बापाला विचारले. धोंडीरामांना ते माहीत नव्हते. मग आठवीत असताना तिने घाटमाथ्यावरच्या आजोळच्या परसात एक सरळ डबा ठेवला, त्यात पट्टी बुडवून रोजचा पाऊस मोजायला लागली आणि आपण नसताना मामाला मोजायला लावला. अशा आठ वर्षांच्या वह्या तिच्याकडे होत्या.

तिला पावसाचाच अभ्यास करायचा होता. उत्तरेकडच्या एका नामांकित विद्यापीठात हवामानशास्त्राचा अभ्यासक्रम होता. पदवीला तिचे गुण उत्तम होते. तिने जानेवारीत नाव नोंदवले. दुसरी पायरी मार्चमध्ये होती. आपल्याला हे का शिकायचे आहे, ते दोन पानांत लिहून पाठवायचे होते आणि त्यावरून मुलाखतीला बोलावणार होते.

ती रोज सगळ्यांच्या आधी येई. हॉल रिकामा असे. मग ती माझ्यासमोर उभी राहून ती दोन पाने मोठ्याने वाचे, चुका काढे, परत लिहून आणे. मी आयुष्यात पुष्कळ ऐकले आहे, पण तसे काही ऐकले नव्हते. त्यात डबा होता, पट्टी होती, एसटीची काच होती आणि घाटाच्या एका वळणावर पाऊस कसा तोडल्यासारखा थांबतो ते होते. ऐकताना मला वाटायचे की हिला घेतील. न घेऊन सांगतात कुणाला.

सगळ्यांच्या आधी येणारी म्हणून आजचा आकडा लिहायचे कामही तिच्याकडेच आले होते.

मार्चचा दुसरा आठवडा होता. पाने पाठवायला चार दिवस उरले होते. बाळासो त्या दिवशी मुद्दाम लवकर आले. त्या विद्यापीठाने आलेल्या अर्जांची संख्या जाहीर केली होती आणि ती त्यांनी फोनवर वाचली होती. आपल्या अभ्यासिकेतल्या दोन मुली तिथे अर्ज करतात याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी आता आणखी नेटाने झटावे एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी आकडा सांगितला आणि प्रीतीने तो माझ्यावर लिहिला. एक लाख त्रेचाळीस हजार दोनशे सोळा.

लिहून झाल्यावर ती मागे सरकून बघत राहिली. मग तिने विचारले की जागा किती आहेत. बाळासोंनी फोनमध्ये बघून सांगितले, सगळ्या मिळून अकराशे. तिने माझ्या खालच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. खडू हलका धरून, सावकाश. उत्तर आले एकशे तीस.

दुसरी मुलगी म्हणजे स्नेहल, कळंब्याची. तिच्या घरी म्हशी होत्या, आणि धारा काढून यायची म्हणून ती नेहमी उशिरा येई. तोवर चांगल्या जागा गेलेल्या असत. तिला मिळे ती दाराजवळची जागा, माझ्याकडे पाठ करून बसण्याची. गुणांत ती कायम प्रीतीच्या मागे. त्या दिवशी ती आली, पिशवी ठेवली आणि बसली. तिने मला बघितलेसुद्धा नाही. प्रीतीनेच तिला हळू आवाजात सांगितले.

"एका जागेला एकशे तीस हाईत, स्नेहल. त्यात मी कुठं असणार?"

स्नेहलने वहीतून डोके वर न काढता म्हटले, "असू देत की. आपण पाठवून ठेवूया. न्हाई म्हणाले तर न्हाई."

प्रीती हसली. ते हसू मला आवडले नाही. पुढचे चार दिवस ती सकाळी आली, आकडा लिहिला, पण पाने बाहेर काढली नाहीत. तिसऱ्या दिवशी धोंडीराम ड्यूटीवरून परस्पर वर आले. बापलेकीचे बोलणे खिडकीशी, माझ्याशेजारीच झाले. प्रीतीने त्यांना कोपऱ्यात तसाच राहिलेला भागाकार दाखवला. ते म्हणाले की हिशोबातले मला काही कळत नाही, तुझे गणित कधी चुकलेले नाही, तुला वाटते तसे कर. त्यांनी पोरीवर विश्वास टाकला. बापाने आणखी काय करायचे असते?

चौथा दिवस गेला. पाने गेली नाहीत.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला ओरडता आले असते, तरी वस्तादांनी आखलेल्या ओळी मला तेव्हा आठवल्या असत्या का, ते मी सांगू शकत नाही. बहुधा नसत्या. मी माझ्या आकड्यात खूश होतो.

स्नेहलने पाने पाठवली. तिची पाने मी कधी ऐकली नाहीत, पण त्यात म्हशी होत्या आणि उन्हाळ्यात आटणारे कळंब्याचे तळे होते असे ती सांगत होती. फोनवर मुलाखत झाली. पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. ती चव्वेचाळिसावी होती. जूनमध्ये ती रडली, आणि जुलैत बोलावणे आले. यादी खाली सरकत सरकत तिच्यापर्यंत आली होती. ती गेली. प्रीतीने गगनबावड्याला एका सरकारी कचेरीत कंत्राटी काम धरले. वेगवेगळ्या गावांतून रोज पावसाचे आकडे येत, ते संगणकात भरायचे. बापाच्याच गाडीने ती जायची आणि यायची.

दिवाळीच्या सुट्टीत स्नेहल आली आणि दोघी दुपारच्या वेळी अभ्यासिकेत भेटल्या. हॉल रिकामा होता. स्नेहल आधी थंडीचे सांगत होती, मग मेसच्या जेवणाचे, मग वर्गाचे. बोलता बोलता ती म्हणाली की वर्गात आम्ही एकोणीस जण आहोत.

"जागा किती हाईत?" प्रीतीने विचारले.

"चोवीस."

"मग पाच जण कुठं हाईत?"

"न्हाईतच की. रिकाम्याच हाईत त्या."

प्रीतीने तिला परत विचारले, आणि मग परत एकदा. शेवटी स्नेहलने फोन काढला आणि विद्यापीठाचा वार्षिक अहवाल उघडून एकेक ओळ वाचून दाखवली. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की वर्षभर मी काय मिरवत होतो. तो एक लाख त्रेचाळीस हजारांचा आकडा खोटा नव्हता. पण ती माणसे नव्हती, ते अर्ज होते. एकाच मुलाने नऊ अभ्यासक्रमांना नाव दिले तर ते नऊ मोजले होते. नाव नोंदवून पुढे काहीच न केलेलेही मोजले होते. आणि त्यातली बहुतेक गर्दी तीन-चार नावाजलेल्या अभ्यासक्रमांसाठी होती. हवामानशास्त्राला अर्ज होते सहाशे अकरा. त्यातून दोन पाने पाठवली चौऱ्याहत्तर जणांनी. निवडलेल्यांपैकी बरेच जण दुसरीकडे गेले, यादी शेवटपर्यंत खाली आली, तरी चोवीस भरल्या नाहीत.

प्रीतीने खडू उचलला. त्या दिवशीचा आकडा कसल्याशा भरतीचा होता, तो तिने पुसला. वर लिहिले १४३२१६. त्याखाली ६११. त्याखाली ७४. मग २४. मग १९. अक्षर बारीक होते, पण खडू इतका दाबला होता की दोनदा मोडला.

तेवढ्यात बाळासो जिना चढून आले. दिवाळीची मिठाई घेऊन आले होते. त्यांनी आकडे वाचले, स्नेहलकडे बघितले, प्रीतीकडे बघितले. त्यांना समजायला वेळ लागला. समजले तेव्हा ते खुर्ची ओढून खाली बसले.

"मला म्हाईत न्हवतं, प्रीती," ते म्हणाले.

"मलाबी न्हवतं, दादा," प्रीती म्हणाली. "मी भागाकार केला. भागाकार बरोबर आला."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते. ती मिठाई न घेता खाली गेली. माझ्या शेजारच्या खिडकीतून जिन्यापाशी बोललेले सगळे ऐकू येत असे. वस्ताद त्या दिवशी तालमीच्या दारात उन्हाला बसले होते. रडत उतरणारी पोरगी बघून त्यांनी तिला थांबवले आणि काय झाले ते विचारले. अनोळखी म्हाताऱ्याला प्रीतीने सगळे सांगितले. तो एक लाखाचा आकडा, भागाकार, चोवीस जागा, सगळे.

वस्तादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "मैदानात कितीबी येऊ देत, बाळ. आपुन आपल्या वजनात किती हाईत ते बघायचं असतंय. त्याच फळ्यावर चाळीस वर्सं मी ह्येच लिवलंय. मला येऊन इचारायचं न्हाईस व्हय?"

"बायकांनी तालमीत यायचं न्हाई म्हणत्यात," प्रीती म्हणाली.

ती रीत त्यांनीच जन्मभर पाळली होती. आणि तिच्या डोक्यावर, एका स्लॅबच्या अंतरावर, तिच्या प्रश्नाचे उत्तर रोज सकाळी हौद्याच्या कडेला बसलेले असायचे. चुकलो, डोक्यावर नव्हे, पायाखाली. मीही आता म्हातारा झालो.

पण पोर चिवट होती. तिने पुढच्या वर्षी परत अर्ज करायचे ठरवले. दर रविवारी ती येऊ लागली. दोन पाने नव्याने लिहिली. आता त्यात कचेरीतल्या आकड्यांचीही गोष्ट होती. कुठल्या गावचा माणूस पाऊस न मोजताच आकडा कळवतो ते ती आकडे बघून ओळखायची, तेही लिहिले होते. माझ्यावरची तिची ती पाच ओळींची उतरण बाळासोंनी कुणाला पुसू दिली नाही. 'आजचा आकडा' बंद झाला होता. ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते.

जानेवारीत अर्ज सुरू झाले. बाळासो स्वतः लॅपटॉप घेऊन प्रीतीच्या शेजारी बसले. अभ्यासक्रमांची यादी वरून खाली बघितली. मग खालून वर बघितली. हवामानशास्त्र यादीत नव्हते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती प्रीतीने मोठ्याने वाचली. सलग तीन वर्षे जागा रिक्त राहिल्यामुळे हा अभ्यासक्रम स्थगित करण्यात येत आहे.

म्हणजे तिच्यासारखी आणखी पुष्कळ मुले असणार. कुठल्या कुठल्या गावात, कुठल्या कुठल्या फळ्यासमोर त्यांनी भागाकार केला असणार आणि पाने पाठवली नसणार. त्यांच्या न येण्याने जागा रिकाम्या राहिल्या, आणि रिकाम्या राहिल्या म्हणून दार बंद झाले. प्रीतीने ती दोन पाने नीट घडी घालून पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला जायला तिला सातची गाडी गाठायची होती.

त्यानंतर माझ्याकडे बघणे बाळासोंना जमेना. त्यांनी मला उतरवून गच्चीवर नेऊन ठेवायला सांगितले. माझ्या जागी एक स्क्रीन आली. ती एका क्लासवाल्याने भेट दिली आहे, आणि तिच्यावर आता त्याची जाहिरात येते. कुठल्या परीक्षेला किती लाख अर्ज, ते आकडे आपोआप पळत असतात. लिहायला कुणाचा हातसुद्धा लागत नाही.

मला टाकीवर पालथे घातले तेव्हा प्रीतीचे आकडे माझ्यावर तसेच होते. आता ते खाली पाण्याकडे तोंड करून आहेत. अजून आहेत की ओलीने गेले, ते मला सांगता येत नाही. स्वतःच्या छातीवरचे फळ्याला कधीच वाचता येत नाही.

मित्रांनो, मला परत रंग द्या, भिंतीवर लावा, असे मी तुमच्याकडे मागत नाही. मागणे एवढेच आहे. मोठा आकडा बघून घरी परत जाऊ नका. तो कशाचा आहे ते आधी विचारा. तो माणसांचा आहे की कागदांचा, सगळ्यांचा आहे की तुमच्या ओळीचा, ते विचारा. आणि ज्याला ते ठाऊक आहे तो एखाद्या दारापलीकडे बसला असेल, तर त्या दाराची रीत बघत बसू नका.

वस्ताद आता हौद्याच्या कडेला बसत नाहीत. बाकडे त्यांनी बाहेर काढून घेतले आहे, लोखंडी जिन्याच्या पहिल्या पायरीशी. वर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला ते काठी आडवी धरून थांबवतात आणि विचारतात, कुठे अर्ज केलास, तुझ्या वजनात किती आहेत. पोरे हसतात. काही जण मात्र थांबून मोजतात.

प्रीतीला असे कुणी थांबवले नाही. तिच्यासमोर रोज सकाळी मीच होतो, आणि मी तिच्या हाताने तो आकडा लिहून घेतला.